ट्रायलवरचे म्हातारे

बायको गेली आणि माझ्या पोराला एकाएकी माझी काळजी वाटायला लागली. ती होती तोवर त्याला वाटत नव्हती. दोघं असली की म्हातारा-म्हातारी धडधाकट धरतात. एक गेलं की राहिलेल्याला आजारी धरायचं, मग त्याला खोकला असो नाहीतर नसो.

पोरगा पुण्याकडं चाकणला कंपनीत आहे. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले, आणि तो माझ्याजवळ येऊन बसला.

“आण्णा, चला आता तिकडं. हे घर भाड्यानं देऊ. रंगाचा एक हात मारला की लगेच जातंय.”

सांगलीत आमच्या दोन खोल्या आहेत. मी मार्केट यार्डात हमाली केली, ती तिथल्याच एका गोदामात हळद निवडायला जायची. पाऊण जन्म तिचा हळद निवडण्यात गेला. घरी आली की हात धुवायची, पण बोटांतली हळद काय साबणानं जात नाही. तीच बोटं दाराच्या चौकटीला, तीच लाइटच्या बटणाला, तीच फडताळाच्या कडेला. हळदीचा डाग उन्हात उडतो, सावलीत राहतो. आमच्या घरात ऊन येत नाही. त्यामुळं ती उठून भिंतीला हात लावत कुठवर जायची, तेवढं सगळं भिंतीवर आहे.

रंगाचा हात म्हटल्यावर मी चौकटीकडं बघितलं. मी तोंडाचा फटकळ माणूस. व्यापाऱ्याला तोंडावर चोर म्हणालोय. पण हे काय पोराला सांगता येईना. मग तोंडाला आलं ते बोललो.

“मला यायला जमत न्हाई. काम लागलंय मला.”

“तुम्हाला? कसलं?”

“वॉचमनचं.”

“कुठं?”

“हाय एका ठिकाणी.”

त्यानं सुनेकडं बघितलं. मग म्हणाला, “बरं. काम असलं तर गोष्ट वेगळी. वर्षश्राद्धाला येतो तवा बघू. काम टिकलं असलं तर ऱ्हावा, न्हाईतर घर भाड्याला आन् तुमी आमच्यासंगं.”

एवढ्यावर माझं घर टिकून राहिलं. आता काम शोधणं आलं.

वॉचमनचं काम म्हणजे काय, बसायचं, असं मला वाटायचं. दवाखान्याच्या गेटवर गेलो, शाळेच्या गेटवर गेलो, बिल्डिंगांच्या गेटांवर गेलो. सगळीकडं आतल्या माणसापर्यंत जायच्या आधीच गेटवरचा वॉचमन अडवायचा. “एजन्सीतनं या, बाबा. डायरेक घेत न्हाईत.” तो तरी काय करणार, मला आत सोडलं तर त्याचीच खुर्ची जायची.

एजन्सी मोबाइलच्या दुकानावर, माडीवर. आत टाय घातलेला एक पोरगेला साहेब. बाकड्यावर चौघं बसलेले.

“बायोडेटा आणलाय का, काका?”

“मी सोता आलोय की.”

तो हसला. मग वय विचारलं. मी सांगितलं.

“पार्टीला पन्नासच्या आतला माणूस लागतो.”

मी बाकड्याकडं बघितलं. एकाच्याही तोंडात पुढचे दात नव्हते. “मग ही काय पाळण्यातली पोरं बसल्यात व्हय?”

“कागदावर आम्ही करतो हो ते. तुम्ही फक्त केस काळे करून या.”

अग्नी पोरानं दिला होता, पण त्याच्याबरोबर डोकं मीही करून घेतलं होतं. टोपी काढून दाखवली. “केस अजून उगवल्यात कुठं? टाळू काळी करू का?” बाकड्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. आता लिहिताना मात्र वाटतं, त्या पोरानं एकदा तरी विचारायचं, काका, डोकं कशापायी केलं. त्यानं नाही विचारलं. नंबर लिहून घेतला आणि फोन करतो म्हणाला.

फोन काय आला नाही. तोवर मी दुसऱ्या एजन्स्यांत जाऊन आलो. कुणी फोटो घेतले, कुणी आधार कार्डाची झेरॉक्स. माझ्या तोंडाच्या झेरॉक्सा सगळ्या सांगलीत पडल्या असतील. एका शाळेनं महिनाभर उद्या या, उद्या या केलं आणि शेवटी म्हणाली, जागा मंजूरच नव्हती. मग दार कशाला दाखवत होता रोज? पोराचा फोन आला की मी म्हणायचो, “डुटीवर हाय, मागनं बोल.” घरात स्टोव्हपुढं बसून म्हणायचो.

वर्षश्राद्ध दोन-तीन महिन्यांवर आलं तेव्हा टायवाल्याचा फोन आला. शहराबाहेर हळदीचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथं गेटवर माणूस पाहिजे. दिवसपाळी.

“आधी चार-आठ दिवस ट्रायल. पार्टीला पसंत पडलं की कायम.”

“ट्रायलचं काय मिळतं?”

“ट्रायलचं काही नसतं, काका. ती तुमचीच परीक्षा असते.”

म्हटलं परीक्षा तर परीक्षा. चौथीनंतर दिलीच नव्हती. त्यानं निळा शर्ट दिला, खांद्यावर पट्ट्या, कॉलरला दुसऱ्याचा मळ. खिसा उसवलेला होता. घरी निळा दोरा नव्हता, काळ्यानं शिवला. सुईत दोरा घालायला अर्धा तास गेला. हे काम कधी माझ्याकडं आलंच नव्हतं.

काम अवघड नव्हतं. ट्रक आला की नंबर लिहायचा, दांडा वर करायचा, सलाम ठोकायचा. आणि वास तोच, हळदीचा. पहिल्या दिवशी ट्रकाचा फाळका उघडला आणि वासाचा लोट आला, तेव्हा मी उगाच गेटाच्या मागं जाऊन उभा राहिलो. थोडा वेळ. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. पोराला स्वतः फोन लावला. “डुटीवर हाय,” म्हणालो. पलीकडनं त्याला ट्रकचे आवाज ऐकू जात होते. ते खरे आवाज होते, त्याचं मला लय बरं वाटलं.

आठवडा सरला. सुपरवायझर म्हणाला, “बाबा, शर्ट काढून ठेवा. साहेब म्हणतात वय दिसतंय.”

“पहिल्या दिवशी काय मी पदर घेऊन आलो व्हतो? तवा दिसलं न्हाई?”

तो फोनवर बोलायला लागला. फोन आला नव्हता, तरी बोलायला लागला.

जेवणाचा डबा तिथंच राहिला. दोन दिवसांनी आणायला गेलो, तर गेटवर माझ्याच वयाचा एक उभा. अंगात तोच शर्ट, खिशाला माझा काळा दोरा. उंच, वाळकी मूर्ती, डोक्याला धनगरी पटका. मला बघून सलाम ठोकायला निघाला.

“सलाम कुणाला घालताय, पावणं? मी तुमच्या आधीचा.”

“आसं व्हय. या की सावलीला.”

माणूस जतकडचा. तिकडं बोलण्यात निम्मी कानडी. इथं लेकीकडं राहायला आला होता. मी त्याला सरळ सांगितलं, “तुमाला बी ट्रायल म्हणूनच घेतलंय न्हवं? आठ दिवस झालं की वय दिसतंय म्हणत्यात. मग तिसरा आणत्यात. हे गेट ह्यांनी कवा पगारी माणसावर चालवलंच न्हाई.”

“ठावं हाय की.”

“ठावं हाय?”

“हे माझं तिसरं गेट. एन माडोदु?” म्हणाला, आणि मला कळावं म्हणून, “काय करायचं, पावणं? जावयाला वाटतं म्हातारा कामाला जातो. दिवसभर मी घरात दिसत न्हाई, मग लेकीला बोलणी बसत न्हाईत. तेवढं भागतं माझं.”

मला राग आला. “तुमी आसं फुकाट राबता, म्हणून ह्यांचं फावतं. तुमच्यापायी आमाला पगार मिळत न्हाई.”

त्यानं माझ्याकडं खालीवर बघितलं. “आन् तुमी गेल्या आठवड्यात पगार घेत व्हता व्हय?”

डबा घेतला आणि निघालो.

घरी न जाता तडक माडीवर गेलो. जिन्यातच आवाज चढवला. बाकड्यावरची माणसं उठून उभी राहिली. टायवाला उठला नाही. त्यानं चहा सांगितला. तो चहा सांगतो तेव्हा समजायचं, अजून एक लबाडी शिल्लक आहे.

“तापू नका, काका. तुमच्यासाठी साताऱ्यात जागा आहे. सोसायटी आहे, राहायला खोली. ट्रायल नाही. पहिल्या दिवसापासून पगार. फक्त त्यांना माजी सैनिक पाहिजे.”

“मी हमाल व्हतो.”

“त्यांना कुठं माहीत? टोपी आम्ही देतो. छाती काढून उभं राहायचं.”

मी त्याला सांगायला पाहिजे होतं, बाबा, हा सातारा-सांगलीचा मुलूख आहे, इथं घरटी एक फौजी, इथं हे खपायचं नाही. पण डोळ्यापुढं वर्षश्राद्ध होतं. साताऱ्याला राहावं लागलं तरी घराला कुलूप माझंच राहणार होतं, सुट्टीला येता येणार होतं. रंग लागणार नव्हता. मी टोपी घेतली.

तरणा होतो तेव्हा साताऱ्याला भरतीला उभा राहिलो होतो. छातीच्या मापात बसलो नाही, परत आलो. यष्टीतनं उतरलो तेव्हा मनात आलं, आता म्हातारपणी बिनछातीचं भरती व्हायला आलोय.

सोसायटीच्या ऑफिसात तिघं बसले होते. मधला रिटायर सुभेदार, मिशा कानापर्यंत. मी सलाम ठोकला. त्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

“पलटण कुठली?”

आमच्याकडं शेरडं राखणारं पोरगंसुद्धा फौजीला आधी हेच विचारतं. मी स्वतः जन्मभर शंभर जणांना विचारलं असेल. आणि वाटेत यष्टीत चार तास बसून मला हा प्रश्न सुचला नाही. टायवाल्याचं जाऊ द्या, मी इथलाच ना? मग म्हटलं, मरू दे.

“हळदीची.”

“काय?”

“हळदीची पलटण. पाठीवर पोतं आन् सांगली यार्ड. दुसरी कुठली ठावं न्हाई.”

बाजूचे दोघं खो खो हसले. सुभेदार हसला नाही.

“टोपी काढा आदी. ती फुकट मिळत न्हाई.”

काढली. हातात धरली, मग टेबलावर ठेवली. चोरी करताना धरलेल्या माणसासारखं झालं. मी जायला वळलो, तर म्हणाला, “बसा. चा घेऊन जावा. खोटं बोलायला आला व्हता, पण निभावता येईना तुमाला.”

डाव्या बाजूला बसलेला म्हणाला, “माणूस बरा हाय की. ठेवून घेऊ.”

“न्हाई ठेवता येत,” सुभेदार म्हणाला. चहा बशीत ओतला. “आवं, खरं सांगू का? जागा भरलीया. सेक्रेटरीचा मेव्हणा यायचाय सोमवारपासनं. तीन माणसं बघितली म्हणून दाखवायला लागतं, म्हणून तुमाला बोलावलं.”

“म्हंजी मी तिघांतला एक.”

“तिसरा.”

“मेव्हणा तरी फौजेत व्हता का?”

सुभेदारानं बशी खाली ठेवली. “फौजेच्या कँटीनला दूध घालत व्हता.”

आता तिघंही हसले, मीही हसलो. काय करणार. मला टोपी काढायला लावली ती बरोबरच. पण दूधवाल्याची काढायची हिंमत त्या मिशांत नव्हती, हेही मी तोंडावर बोललो. मग त्यानं स्वतःच्या स्कूटरवरनं मला स्टँडवर सोडलं. सांगलीची गाडी लागेपर्यंत माझ्याजवळ उभा राहिला.

वर्षश्राद्ध आलं. पोरगा आणि सून आदल्या दिवशी आले. कृष्णेवर जाऊन आलो, ताट वाढलं, भटजी गेले. सून हात पुसत भिंतीकडं बघत उभी होती.

“आण्णा, आकाशी दिला तर उजेड पडंल न्हाई?” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं चुन्याचे पोपडे बघितले, तिला घर मळलेलं दिसलं.

पोरगा म्हणाला, “पेंटर उद्या बघायला येतोय, नुसतं बघून जाईल. बरं, डुटीचं काय, आण्णा? सुट्टी टाकलीया का?”

मी सुपारी कातरत होतो. कातरतच राहिलो. आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. टायवाला.

“काका, उद्या सकाळी या, कोल्ड स्टोरेजच्या गेटवर. सध्याचा माणूस आज सुटतोय.”

पोरगा माझ्याकडं बघत होता. मी उठून दारात गेलो. “आवं, त्या पार्टीनं मला नको म्हटलं व्हतं न्हवं?”

“पार्टी कुठं तोंडं लक्षात ठेवते? शर्ट तोच असतो.”

“पगारी हाय का?”

“ट्रायल.”

जतच्या त्या पाहुण्याला मी काय काय बोललो होतो. सगळं आठवलं, आणि तरी मोठ्यानं, घरात ऐकू जाईल असं म्हणालो, “व्हय साहेब. टायमावर येतो.”

सकाळी पोरगा म्हणाला, मी सोडतो. नको म्हणालो तरी शेजाऱ्याची गाडी घेतली. वाटेत बरा बोलत होता. गेटवर आलो, सुपरवायझरनं केबिनमधला खिळ्याला टांगलेला शर्ट काढला, झटकला आणि माझ्या हातात दिला. पोरगा गाडीवर बसून बघत होता. मी गुंड्या लावल्या. सुपरवायझर आत गेल्यावर तो उतरून जवळ आला.

“आण्णा, ट्रायल हाय न्हवं ही?”

मी खिशाचा काळा दोरा चाचपला.

“मला काय कळत न्हाई का? आमच्या कंपनीत बी सात महिन्यांनी ब्रेक देत्यात. पोरगं घरी जातं, महिन्यानं परत नवं म्हणून घेत्यात. मला स्वतःला तीनदा नवं केलंय. नव्या माणसाला शर्ट कसा देत्यात ते मला ठावं हाय.”

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मी त्याला कायमचा समजत होतो. गावात तसंच सांगत होतो.

“वर्षभर काय करत व्हता मग?”

“हेच. गेटं बघत व्हतो.”

“कशापायी? माझ्याकडं यायला एवढं काय जड व्हतं?”

मग माझा फटकळपणा जागा झाला, एक वर्ष उशिरा. “तुझ्या आईची बोटं हायत घरात. बटणाला, चौकटीला, सगळीकडं. तू रंग देतो म्हणालास.”

त्यानं हेल्मेट या हातातनं त्या हातात केलं. “आवं, मग हे तवाच सांगायचं न्हाई का?”

“सांगता येत न्हवतं.”

मागं ट्रक येऊन थांबला आणि हॉर्न वाजला. मी दांडा वर केला, नंबर लिहिला. ट्रक आत गेला तरी तो तिथंच उभा.

“पेंटरला नको म्हणून सांगतो,” म्हणाला. “आन् हे फुकाटचं बंद करा. घरात बसायला काम असावंच लागतं असं काय न्हाई.”

“आठवडा बोललोय एजन्सीला. आठवडा करतो.”

“तुमी ऐकणार थोडंच.” गाडीला किक मारली. गेला. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा सून पिशव्या भरत होती. भिंतीचं तिनं नाव काढलं नाही. मी झोपायला गेल्यावर लाइट बंद करताना मात्र तिनं बटण टाचणीच्या टोकानं दाबल्यासारखं, अगदी कडेनं दाबलं. ते मला दिसलं.

आठवडा संपला. सुपरवायझर म्हणाला, वय दिसतंय. या वेळी मी वाद घातला नाही. शर्ट खिळ्याला लावला आणि बाहेर आलो. घर राहिलं होतं, त्यामुळं आता भिण्यासारखं काही नव्हतं. पण काम नव्हतं ते नव्हतंच. घरी गेलं की चार वाजता काय करायचं हे अजून मला कळत नाही.

बाहेर रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर एकजण बसला होता. साठीच्या पुढचा, केस काळेकुट्ट, कपाळावर कलपाचा ओघळ. हातात डब्याची पिशवी. मी त्याच्याजवळ थांबलो आणि सगळं सांगितलं. ट्रायल, आठवडा, वय, शर्ट, काहीही झाकून ठेवलं नाही. त्यानं मान हलवत ऐकून घेतलं.

मग विचारलं, “चा देत्यात का?”

“सकाळी एकदा.”

“मग बरं हाय,” म्हणाला, पिशवी उचलली आणि गेटातनं आत गेला.